तांबड्या ज्वारीचे देणे

1 फेब्रुवारी 2025 हा शनिवार होता, आणि अर्थसंकल्पाचा दिवस असल्यामुळे आमच्या हडपसरच्या सोसायटीतल्या कट्ट्यावर मंडळी वेळेआधीच जमली होती. 12 लाखांपर्यंत आयकर नाही याचा आनंद चहाच्या पहिल्या फेरीत संपला. मग पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या आमच्या एका स्नेह्यांनी मोबाईल नाकाजवळ धरून वाचून दाखवले, की परराष्ट्र खात्याच्या तरतुदीत भूतानला 2,150 कोटी, नेपाळला 700 कोटी, मालदीवला 600 कोटी. त्यांनी मोबाईल मांडीवर पालथा ठेवला, चष्मा कपाळावर सरकवला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमच्या आष्टीत मार्च उजाडला की टँकर सुरू होतात, आणि हे निघालेत भूतानला वाटायला. आधी घरचं बघा म्हणावं. काय हो, खरं की नाही?" आष्टी तालुका माझा, टँकरही खरे, आणि चहा त्यांनी पाजलेला. मी मान हलवली. बोलणे तिथून पेन्शनवर आणि पेन्शनवरून गुडघ्यांवर गेले.

घरी आलो, जेवलो, आणि त्या हललेल्या मानेने मला रात्री दोन वाजेपर्यंत झोपू दिले नाही.

1972 साली मी दहा वर्षांचा होतो. त्या दुष्काळाबद्दल नवे सांगण्यासारखे काही नाही. ज्यांनी पाहिला त्यांना तो ठाऊक आहे, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांनी तो आजी-आजोबांच्या तोंडून पुरेसा ऐकला आहे. मला त्यातली एकच गोष्ट आज इतक्या वर्षांनीही तळहातावर ठेवल्यासारखी दिसते, ती म्हणजे मिलोची भाकरी. रेशनच्या दुकानात मिळणारी ती परदेशी ज्वारी तांबडी, बारीक आणि टणक असे. आमच्या शाळूचे दाणे ओंजळीत घेतले की मोत्यांसारखे घरंगळत. मिलोचे दाणे मुरूम चाळावा तसे वाजत. तिच्या पिठाला विरी नव्हती. आई उकळते पाणी घालून काठवटीत ते पीठ तिंबत बसायची, पण थापायला घेतले की भाकरीच्या कडा चिरत आणि तव्यावर टाकेपर्यंत तिचे दोन तुकडे होत. भाजून निघालेली भाकरी पत्र्याच्या गंजासारख्या रंगाची असे, तिला पापुद्रा सुटत नसे, आणि गार झाली की ती दाताखाली करकरत असे. दिवसभर पाझर तलावाच्या कामावर माती वाहून आलेल्या बाईला रात्री असल्या पिठाशी झुंजावे लागे, आणि ती झुंज ती एक अक्षर न बोलता करायची. गावात बोलवा होती, की ही ज्वारी अमेरिकेत डुकरांना घालतात. कुणी पाहून आला नव्हता, पण सांगणारा असा सांगायचा, की जणू त्याने तिथे गोठा सांभाळला होता.

एकदा मामा अचानक आले. उन्हात चालून आलेले, दारातच बसले, आणि आईने पाण्याचा तांब्या देण्याच्या आधी भाकरीच्या टोपल्यावर फडके टाकले. मामांच्या घरीही तेव्हा तीच भाकरी असणार हे तिला कळत नव्हते असे नाही. पण भावासमोर ते तांबडे तुकडे उघडे पडू नयेत, एवढे तिला वाटले. पुढे 2004 च्या डिसेंबरात त्सुनामी आली, आणि आपल्या सरकारने बाहेरच्या देशांची मदत नको म्हणून सांगितले व आपलीच जहाजे श्रीलंकेकडे, मालदीवकडे पाठवली, तेव्हा सगळीकडे अभिमानाची लाट होती. मलाही अभिमान वाटला. पण बातमी वाचताना डोळ्यांसमोर आले ते आईचे फडके. देशही कधीकधी टोपल्यावर फडके टाकतात, आणि ते टाकावेसे का वाटते हे ज्याने तांबडी भाकरी खाल्ली आहे त्याला समजावून सांगावे लागत नाही.

सुकडीची गोष्ट मात्र अगदी निराळी होती. शाळेत दुपारी सुकडी मिळे. भाजक्या पिठाचा, गुळाचा आणि तेलाचा असा एक वास वर्गात शिरला, की गुरुजींनी फळ्यावर काय लिहिले आहे याला अर्थ उरत नसे. आम्ही पोरे डोक्यावरची टोपी काढून ती वाडग्यासारखी पुढे धरायचो. घरी जाईपर्यंत टोपीच्या शिवणीत अडकलेला भुगा नखाने काढून खाण्याचा कार्यक्रम चाले, आणि रात्री त्या टोपीला मुंग्या लागत. ही सुकडी 'केअर'ची, म्हणजे त्या नावाच्या अमेरिकी मदतसंस्थेची आहे असे मोठी माणसे म्हणत. आम्हाला केअर हे कुठल्यातरी बाईचे नाव वाटे. सोबत येणाऱ्या तेलाच्या डब्यांवर दोन हातांनी एकमेकांना धरल्याचे चित्र होते आणि खाली इंग्रजीत काहीतरी छापलेले होते. कुस्तीच्या आधी पैलवान सलामी देतात तसे ते हात मला दिसत. रिकामा डबा मिळवण्यासाठी शिपायाकडे वशिला लागायचा. आमच्याकडे त्यातला एक डबा होता. आई त्यातून शेळीला पाणी ठेवायची. पुढे इंग्रजी वाचता येऊ लागले तेव्हा कळले, की त्यावर लिहिले आहे: अमेरिकेच्या जनतेकडून भेट, विक्रीसाठी किंवा अदलाबदलीसाठी नाही.

म्हणजे सुकडी हे दान होते, आणि ते आम्ही टोपी पुढे करून, हसत, मुंग्या लागेपर्यंत खाल्ले.

मिलो कुणाची होती, हे कळायला मला बँकेत लागून काही वर्षे जावी लागली. बदलीच्या गावी संध्याकाळी करायला काही नसे, म्हणून मी तिथल्या वाचनालयात जुने वार्षिक अहवाल चाळत बसायचो. बँकवाल्याचे रिकामपण हे असे असते. त्यातून हळूहळू लक्षात आले, की 1971 च्या युद्धानंतर अमेरिकेने आपली मदत थांबवली होती, पीएल-480 चा, म्हणजे त्या नावाच्या अमेरिकी अन्नमदत कायद्याखाली मिळणारा सवलतीचा गहूही बंद झाला होता, आणि 1972-73 मध्ये सरकारने बाहेरून आणलेले धान्य मुख्यतः रोख पैसे मोजून घेतले होते. रशियाने 1973 मध्ये 20 लाख टन गहू दिला, तोही उसना. गव्हाच्या बदल्यात गहू परत करण्याच्या बोलीवर. जिच्यावर आईने फडके टाकले ती भाकरी विकतची होती, आणि जी आम्ही मिरवत खाल्ली ती सुकडी फुकटची. मी तो अहवाल मिटवला आणि बराच वेळ पंख्याकडे पाहत बसलो. घरी पत्र लिहून आईला हे कळवावे असे वाटले होते. लिहिले नाही. काय लिहिणार होतो, की ती लाज चुकीच्या खात्यावर पडली म्हणून?

आधीच्या वर्षांचे, म्हणजे खऱ्या पीएल-480 चे, पान मात्र कडूच आहे. 1965 आणि 1966 ही दोन्ही वर्षे पावसाने दगा दिला. 1966 मध्ये सुमारे 1 कोटी टन धान्य बाहेरून आले, जहाज बंदराला लागेल तेव्हा चूल पेटेल अशी अवस्था. त्याच काळात आपण व्हिएतनामवरच्या बॉम्बफेकीबद्दल तोंड उघडले, आणि अध्यक्ष जॉन्सन यांनी गव्हाचा दोर हातात आखूड धरला. वर्षाचा करार न करता थोड्याथोड्या महिन्यांचा माल सोडायचा, म्हणजे दर वेळी पुन्हा मागावे लागेल. शास्त्रीजींनी सोमवारी एक वेळ जेवू नका असे सांगितले ते याच दिवसांत. आमच्याकडे सोमवार आधीपासूनच होता, आई म्हणायची, फक्त त्या वर्षी महादेवाच्या जोडीला शास्त्रीजी आले. भुकेल्याला अन्न देणे ही एक गोष्ट, आणि घास तोंडाजवळ नेऊन 'आधी अमुक म्हण' असे सांगणे ही दुसरी. मदतीबद्दल माझ्या मनात जो काही राग आहे तो सगळा या दुसऱ्या गोष्टीवर आहे.

या गव्हाचा हिशेब मिटला तो प्रसंग मात्र आम्हा बँकवाल्यांच्या गप्पांत नेहमी निघे. गव्हाची किंमत आपण रुपयांत भरत होतो आणि ते रुपये अमेरिकेच्या खात्यावर इथेच साचत होते. शेवटी फेब्रुवारी 1974 मध्ये अमेरिकेचे राजदूत मॉयनिहान यांनी दिल्लीत भारत सरकारला 1,664 कोटी रुपयांचा धनादेश दिला आणि तेवढे देणे संपवले. त्या वेळी तो जगातला सर्वांत मोठ्या रकमेचा धनादेश मानला गेला. माझ्या शाखेत लाखाचा चेक आला तरी मी नमुन्याच्या सहीशी दोनदा ताडून पाहत असे. तो चेक ज्या कारकुनाच्या हातून गेला असेल त्याची मला आजही काळजी वाटते. आणि गाजरगवत? ते पीएल-480 च्या गव्हातून आले असे आपण सगळेच म्हणतो. पण पुण्यात त्याची नोंद झाली ती 1955-56 च्या सुमारास, आणि आपला पीएल-480 चा करार ऑगस्ट 1956 मधला, त्यामुळे तारखांचा ताळा बसत नाही. अर्थात 1951 मध्येही अमेरिकेने गहू कर्जाऊ दिला होताच. ते काही असो, आमच्या सोसायटीच्या मागच्या मोकळ्या प्लॉटवर ते गवत दर पावसाळ्यात कमरेएवढे वाढते, आणि त्याच्या फुलोऱ्याने मला शिंका येतात.

घेणाऱ्याच्या बाजूचे एवढे लांबलचक सांगितले, कारण देणाऱ्याच्या बाजूला मी उभा राहिलो तेव्हा फार शोभलो नाही.

25 एप्रिल 2015 ला नेपाळमध्ये भूकंप झाला. आमच्या सोसायटीत रात्रपाळीला एक नेपाळी वॉचमन होता; सगळे त्याला बहादूर म्हणत, आणि त्याचे खरे नाव विचारण्याची गरज आम्हा ऐंशी घरांपैकी एकालाही वाटली नव्हती. तिसऱ्या दिवशी त्याच्या खोलीपुढे कपड्यांचा ढीग लागला. मी स्वतः त्यात एक स्वेटर आणि दोन पँटी टाकल्या. ढिगाऱ्यात जरीची साडी होती, लहान मुलीचा वाढदिवसाचा झगा होता, एकेक पायाचे बूट होते, आणि कुठल्यातरी मॅरेथॉनचे नवेकोरे टी-शर्ट होते. दोन दिवस तो त्या ढिगाला वळसा घालून ये-जा करत होता. मग मी समितीचा खजिनदार म्हणून त्याला विचारले, की हे गावी कसे पाठवणार? तो संकोचून हसला आणि म्हणाला, "साहब, हमारे यहाँ भूकंप हुआ ही नहीं. हम तो अछाम के हैं." अछाम नेपाळच्या सुदूर पश्चिमेला आहे. भूकंपाचा तडाखा बसला तो गोरखा, सिंधुपालचोक, काठमांडूच्या बाजूला. नांदेडला पूर आला म्हणून सावंतवाडीच्या माणसाच्या दारात कपडे टाकावेत तसे आम्ही केले होते. पुढे ते कपडे भंगारवाल्याने नेले. जरीची साडी तेवढी कुणीतरी आधीच काढून घेतली होती.

त्याच दिवसांत आपले लष्कर, हेलिकॉप्टरे आणि आपत्ती दलाचे जवान नेपाळमध्ये खरोखर मोलाचे काम करत होते, आणि आपल्या वाहिन्या ढिगाऱ्याखालच्या माणसाच्या नातेवाइकाला 'कसे वाटते आहे' असे विचारत होत्या. आठवडाभरात तिथल्या लोकांनी भारतीय माध्यमांनो परत जा अशी हाक दिली. कट्ट्यावर तेव्हा 'कृतघ्न' हा शब्द बराच वापरला गेला. मी काही बोललो नाही. मग सप्टेंबर आला, नेपाळची नवी राज्यघटना आली, आणि सीमेवर मालाचे ट्रक अडले. आपले सरकार म्हणत होते की आम्ही अडवलेले नाही, तिथल्याच आंदोलनामुळे वाहतूक थांबली आहे. नेपाळमध्ये मात्र त्याला नाकेबंदीच म्हणत. दसैंला, म्हणजे त्यांच्या दसऱ्याला, गावी निघालेला आमचा वॉचमन सीमेपलीकडे तीन दिवस अडकला, कारण बसला डिझेल नव्हते, आणि ज्या गाड्या चालत होत्या त्यांनी भाडे वाढवून ठेवले होते. परतल्यावर त्याने तक्रार केली नाही. गेटची नोंदवही सही करून घेताना एवढेच म्हणाला, "भूकंप में तो भारत बहुत अच्छा था, साहब." त्यातला 'भूकंप में तो' हा तुकडा माझ्या कानात राहिला. त्याचे खरे नाव मी त्या दिवशी विचारले. दहा वर्षे उशीर झाला होता.

आणि लस. 12 जानेवारी 2021 च्या पहाटे आमच्या शेजारच्या मांजरी गावातल्या सीरमच्या कारखान्यातून कोविशिल्ड लसीच्या गाड्या निघाल्या, नारळ फुटला, आणि आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावरून जगाला औषध चालले आहे या कल्पनेने मी टीव्हीसमोर हात जोडले. 20 जानेवारीला भूतानला दीड लाख आणि मालदीवला एक लाख मात्रा पोचल्या. मी नातवाला नकाशावर भूतान दाखवले. एप्रिलमध्ये बायकोच्या लसीसाठी पहाटे साडेचारला केंद्रावर रांगेत उभा राहिलो, टोकन मिळाले नाही, आणि नऊ वाजता दारावर खडूने लिहिलेली पाटी लागली: लस शिल्लक नाही. आजूबाजूला रुग्णवाहिकांचे आवाज थांबत नव्हते. रांगेत मागून कुणीतरी ओरडले, की सगळी बाहेर वाटली, आता बसा. मीही ओरडलो. तोवर निर्यात जवळपास थांबलेली होती, आणि जी गेली होती त्यातला बराच भाग दान नसून विक्रीचा किंवा कराराचा होता, हे मला वाचून माहीत होते. तरी ओरडलो. भूतानसाठी माझ्या बायकोची मात्रा देशील का असे त्या क्षणी कुणी विचारले असते, तर मी नाही म्हणालो असतो. आजही त्या क्षणाला दुसरे उत्तर माझ्याकडे नाही, आणि या लेखात ते शोधल्याचा आव मी आणणार नाही.

पण त्याच मे महिन्याच्या अखेरीला केनियाने महाराष्ट्रासाठी 12 टन चहा, कॉफी आणि शेंगदाणे पाठवले. आघाडीवर काम करणाऱ्यांना चहाच्या वेळी उपयोगी पडावेत म्हणून. मोबाईलवर त्याची केवढी टिंगल झाली: महासत्तेला आता आफ्रिकेचे शेंगदाणे, आता कूट करा, आता चटणी करा. मला सुरुवातीला हसू आले आणि लगेच तोंड कडू झाले. रात्रपाळी करून आलेल्या परिचारिकेला मूठभर शेंगदाणे आणि गरम चहा मिळावा, असे ज्याला सुचले त्याला आजारी घरात काय लागते ते ठाऊक असले पाहिजे. आमच्या जरीच्या साडीपेक्षा ते कितीतरी शहाणपणाचे होते. शिवाय ते स्वतःच्या शेतातले होते.

सासरवाडी सोलापूर असल्यामुळे मला डॉ. कोटणीसांच्या नावाची सवय आहे. 1938 साली, स्वतःच्या देशात इंग्रज बसलेला असताना, इथल्या लोकांनी पैसे जमवून पाच डॉक्टर चीनला पाठवले. त्यांत सोलापूरचे कोटणीस होते आणि नागपूरचे चोळकर होते. कोटणीस तिथेच 1942 मध्ये, बत्तिसाव्या वर्षी गेले. 'आधी घरचं बघा' असे तेव्हाही कुणीतरी म्हणाले असणारच. घर तर तेव्हा कधी नव्हे इतके जळत होते.

त्या फेब्रुवारीच्या रात्री दोनच्या पुढे मी उठलो आणि जुन्या सवयीने कागदावर आकडे मांडले. सगळ्या देशांची मिळून मदत सुमारे 5,500 कोटी. एकूण अर्थसंकल्प 50 लाख कोटींच्या थोडा वर. म्हणजे शंभर रुपयांमागे अकरा पैसे. त्या अकरा पैशांतला मोठा हिस्सा भूतानचा, आणि त्यात धरणे व वीजप्रकल्प आले. तिथला चुखा प्रकल्प आपण 60 टक्के अनुदान आणि 40 टक्के कर्ज देऊन उभा केला आणि त्याची उरलेली वीज आपणच विकत घेत आलो. याला मदत म्हणावे की गुंतवणूक, हे माझ्या कर्ज विभागातल्या जुन्या साहेबांनी क्षणात सांगितले असते. एक्झिम बँकेमार्फत दिली जाणारी 'लाईन ऑफ क्रेडिट' तर सरळसरळ कर्ज असते, आणि त्यातला साधारण 75 टक्के माल भारतातून घ्यावा अशी अट असते. त्यात गैर काही नाही. पतपुरवठा असाच चालतो. फक्त कर्ज देऊन त्याला दानाची पावती फाडू नये, एवढे माझे म्हणणे आहे. 2022 मध्ये श्रीलंकेत पेट्रोलच्या रांगा लागल्या तेव्हा आपण दिलेला सुमारे 4 अब्ज डॉलरचा आधार बराचसा उधारीचा आणि मुदतवाढीचाच होता, पण तो वेळेवर होता, आणि वेळेवर दिलेल्या उधारीची किंमत आमच्या तालुक्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारावी. राहिला आष्टीचा टँकर. तो भूतानमुळे येत नाही. तो का येतो हे पाटबंधारे खात्यात तीस वर्षे काढलेल्या माझ्या स्नेह्यांना माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे, आणि म्हणूनच बहुधा ते भूतानबद्दल बोलतात.

पुढच्या शनिवारी मी कट्ट्यावर जरा लवकर गेलो. ते आले, टेकले, गुडघा चोळू लागले. मी म्हणालो, "मागच्या आठवड्यात मी मान हलवली होती, ती मागे घेतो."

त्यांना आठवेना. मी भूतानची आठवण करून दिली, मिलो सांगितली, सुकडी सांगितली. टोपलीवरच्या फडक्याचे मात्र सांगितले नाही. ते कोल्हापूरकडचे, उसाच्या पट्ट्यातले. त्यांनी मिलो पाहिलेली नव्हती. शांतपणे ऐकून घेतले, आणि मग अभियंत्याच्या सवयीने नेमके विचारले, "बरं, मग किती द्यावं म्हणता?"

"सध्या शंभरात अकरा पैसे जातात. बारा करा. आणि काय पाहिजे ते त्यांना आधी विचारा."

"आणि हा वरचा पैसा कुणाच्या खिशातून?"

"माझ्या घ्या."

ते मोठ्याने हसले, आणि टपरीवाल्या पोराला हाक मारून म्हणाले, "दोन चहा आण रे. पैसे आज साहेबांकडून."